लेन्सबोर्ड आधी, लेन्स नंतर

रोहा शहराला लागून असलेलं वरसे आणि जवळची धाटावची औद्योगिक वसाहत, या पट्ट्यात लेथवर काम करणाऱ्या माणसाला फ्लँज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. रासायनिक कारखान्यांचा सगळा कारभार पाइप, व्हॉल्व्ह आणि फ्लँज यांच्यावर चालतो. भोक नेमक्या मापाचं हवं, पृष्ठभाग सपाट हवा, आणि दोन तुकडे एकमेकांवर बसले की मधून थेंबभरही गळता कामा नये. मोठ्या फॉरमॅटच्या व्ह्यू कॅमेऱ्याला लागणारा लेन्सबोर्ड याच तीन अटींवर उभा असतो. फरक इतकाच, की इथे अडवायचा असतो तो प्रकाश.

असं असूनही मोठ्या कॅमेऱ्याकडे वळणारा आपल्याकडचा हौशी छायाचित्रकार लेन्सबोर्डाचा विचार सगळ्यात शेवटी करतो, आणि तो करतो तेव्हा परदेशातून मागवायच्या वस्तूंच्या यादीत त्याची भर टाकतो. आधी लेन्सबद्दल महिनोन्‌महिने वाचन, मग कॅमेऱ्याची खरेदी, आणि दोन्ही घरी आल्यावर कळतं की ही लेन्स या कॅमेऱ्यावर बसतच नाही. हा क्रम उलटा व्हायला हवा. बोर्डाचं माप आधी ठरवावं, त्यावरून कॅमेरा आणि लेन्स निवडावी, आणि बोर्ड शक्यतो आपल्याच तालुक्यात करून घ्यावा.

ज्यांनी असा कॅमेरा हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. जुन्या स्टुडिओत फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून उभा असायचा, तोच हा कॅमेरा. मागे घासलेली काच, पुढे लेन्स आणि मधे घड्यांचा भाता, म्हणजे बेलोज. काचेवर उलटी प्रतिमा दिसते, ती नीट जुळवून घेतली की काचेच्या जागी फिल्मचा होल्डर सरकवायचा. फिल्म ४ × ५ इंच किंवा ८ × १० इंच. आपल्या जुन्या स्टुडिओंत काचेच्या प्लेटांच्या काळापासून हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच × साडेसहा इंच, आणि फुल प्लेट, म्हणजे साडेसहा × साडेआठ इंच, ही मापं चालत आली. पुढची चौकट वरखाली, डावीकडे-उजवीकडे सरकते आणि कलतेही. देवळाचा कळस चित्रात घ्यायचा असेल तर कॅमेरा मान वर करत नाही, नुसती लेन्स वर सरकते. त्यामुळे भिंती आत झुकल्यासारख्या दिसत नाहीत.

या पुढच्या चौकटीत एक सपाट पाटी बसवलेली असते. तिच्या भोकात लेन्स असते. पाटी खटक्याने निघते, दुसरी लेन्स लावलेली दुसरी पाटी बसते. ही पाटी म्हणजे लेन्सबोर्ड.

अडचण अशी, की या पाटीचं एकच सर्वमान्य माप कधी झालंच नाही. म्युनिकच्या लिनहॉफ कंपनीच्या टेक्निका कॅमेऱ्याचा बोर्ड सुमारे ९६ × ९९ मिलिमीटरचा. स्विस सिनारचा १४० मिलिमीटर चौरस. जपानी टोयोच्या लहान कॅमेऱ्यांचा ११० मिलिमीटर, मोठ्यांचा १५८. एकेकाळी वृत्तपत्र छायाचित्रकारांच्या हातात दिसणाऱ्या अमेरिकन ग्राफिक कॅमेऱ्यांचा साधारण चार इंच, आणि शिकागोच्या डिअरडॉर्फच्या ८ × १० कॅमेऱ्याचा सहा इंच. जुन्या इंग्लिश लाकडी कॅमेऱ्यांत तर ज्याने जसा कापला तसा.

निवड कशी करायची, याचं उत्तर या आकड्यांतच आहे. लहान बोर्ड मोठ्या कॅमेऱ्यावर अॅडॉप्टर लावून बसतो. मोठा बोर्ड लहान कॅमेऱ्यावर बसत नाही. सिनारच्या १४० मिलिमीटरच्या चौकटीत टेक्निका बोर्ड धरणारा अॅडॉप्टर घालता येतो आणि मग टेक्निका बोर्डावर चढवलेली प्रत्येक लेन्स दोन्ही कॅमेऱ्यांवर चालते. शिवाय विस्टा, चामोनिक्स आणि इंग्लंडमधल्या ब्रायटनचा इन्ट्रेपिड यांच्या ४ × ५ कॅमेऱ्यांना टेक्निका धर्तीचाच बोर्ड लागतो. एवढ्या निरनिराळ्या देशांतल्या कारागिरांनी एक माप आपणहून स्वीकारलं असेल, तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने वेगळी वाट धरण्यात अर्थ नाही. ४ × ५ साठी टेक्निका बोर्ड घ्यावा आणि सगळ्या लेन्स त्यावर चढवाव्यात.

याला एक अपवाद आहे आणि तो खरा अपवाद आहे. जुन्या पितळी पोर्ट्रेट लेन्स, पेट्झवाल धाटणीच्या, मनगटाएवढ्या जाड आणि किलो-दीड किलो वजनाच्या असतात. त्यांच्यासाठी दहा सेंटिमीटरच्या पाटीत जागाही नसते आणि बळही नसतं. पाटी टिकली तरी पुढची चौकट वाकते, आणि चौकट वाकली की प्रतिमेची एक बाजू कायम पुसट येते. अशी लेन्स ज्याला वापरायची आहे त्याने सहा इंची बोर्डाचा ८ × १० कॅमेरा किंवा जुना स्टुडिओ कॅमेराच पाहावा.

मग भोक. आधुनिक लेन्स बहुतेक कोपाल शटरमध्ये येतात आणि त्यांचे तीन आकार आहेत: शून्य नंबरला सुमारे ३४.६ मिलिमीटरचं भोक, एक नंबरला ४१.६, तीन नंबरला ६५. जुन्या कॉम्पुर शटरांची मापं याच्याशी सगळीकडे जुळत नाहीत, म्हणून नंबर वाचून भोक पाडू नये, व्हर्निअरने मोजून पाडावं. शटरच्या पाठीला बहुधा एक बारीक खुंटी असते, शटर फिरू नये म्हणून. बोर्डात तिच्यासाठी खाच ठेवावी लागते, नाही तर शटर सपाट टेकत नाही आणि लेन्स केसभर तिरकी बसते. काही जण ती खुंटीच काढून टाकतात. तेही चालतं, मात्र मागची रिंग पान्याने नीट आवळलेली हवी. बोर्डाची जाडीही महत्त्वाची आहे. दोन मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमवर रिंग निर्धास्त बसते. पाव इंची लाकडात आटे रिंगेपर्यंत पोचतच नाहीत, तिथे मागून खोलगट कोरावं लागतं. टेक्निकाच्या बोर्डात भोक अनेकदा मध्यभागी नसून थोडं खाली असतं. ते चुकून तसं झालेलं नाही, त्या कॅमेऱ्याच्या चौकटीचा मध्यच तिथे येतो. आपला कॅमेरा टेक्निका नसेल तर भोक मध्यावर हवं की खाली, हे कॅमेऱ्याची पुढची चौकट मोजूनच ठरवावं.

सपाट बोर्डाने सगळी कामं होत नाहीत, हे रायगड जिल्ह्यातल्याच दोन जागांवरून चांगलं समजतं.

पहिली जागा कुडा लेणी. तळा तालुक्यात, राजपुरी खाडीच्या बाजूला डोंगरात कोरलेली २६ बौद्ध लेणी. जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांच्या १८८० सालच्या भारतीय लेण्यांवरच्या ग्रंथात कुड्याची नोंद आहे, आणि पुढच्याच वर्षी बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे शिलालेख प्रसिद्ध केले, त्यांत कुड्याचे लेखही आहेत. सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागातली दंपतीशिल्पं नीट टिपायची तर मागे सरकायला फारशी जागा नाही. इथे ४ × ५ वर ९० मिलिमीटरची वाइड लेन्स लागते, कधी ६५ ची. इतकी आखूड लेन्स फिल्मपासून जेमतेम तेवढ्याच अंतरावर असते. बेलोज घडीवर घडी दाबला जातो आणि मग पुढची चौकट वर सरकवावी म्हटलं तर ती हलत नाही. म्हणजे ज्यासाठी हा कॅमेरा घेतला तेच काम बंद पडतं. यावर उपाय म्हणजे खोलगट बोर्ड. त्यात लेन्स पाटीच्या मागे, बशीसारख्या खळग्यात बसते. दहा ते वीस मिलिमीटरचा खळगा पुरतो. चौकट तेवढी पुढे येते, बेलोजला ढील मिळते. त्रास एकच, खळग्यात बोटं शिरत नाहीत, शटरचा चाप आणि केबल रिलीजची जागा सापडत नाही. म्हणून लेन्स चढवताना शटर कोणत्या अंशात फिरवून बसवायचं हे आधीच ठरवावं, चाप बाहेरून दिसेल असा. (लेण्यांत ट्रायपॉड लावायचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते, हे निघण्यापूर्वी लक्षात असू द्यावं.)

दुसरी जागा राजपुरीचा किनारा. समोर पाण्यात जंजिरा. तटाचे बुरूज चित्रात भरायचे तर ३०० मिलिमीटरची लेन्स हवी आणि लांबचं दृश्य असलं तरी तिला साधारण ३०० मिलिमीटर बेलोज ताणावा लागतो. हलक्या प्रवासी कॅमेऱ्यांचा बेलोज अनेकदा तिथपर्यंत पोचत नाही. अशा वेळी उलटा उपाय: डबीसारखा पुढे आलेला बोर्ड, ज्यात लेन्स चौकटीपासून चार-पाच सेंटिमीटर पुढे बसते. डबी आतून मॅट काळी नसेल तर समुद्रावरचा उजेड तिच्या भिंतीवर आपटून फिल्मवर धुरकट पट्टा उमटतो. किनाऱ्यावर वारा असतो, लेन्स जितकी पुढे तितका हेलकावा जास्त, तेव्हा पाच सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये. त्याहून जास्त लागत असेल तर लांब बेलोजचा कॅमेरा घेणंच बरं.

या दोन्ही पाट्या बाजारात तयार मिळतात. पण त्या इथे होऊ शकत नाहीत, असं समजणं आपल्याच इतिहासाला धरून नाही.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांना या कलेत रस होता आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रं काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण त्याच वर्गातून पुढे येऊन मुंबईतले सुरुवातीचे भारतीय व्यावसायिक छायाचित्रकार झाले. त्या काळचे कॅमेरे लाकडी होते, बोर्ड लाकडी होता आणि लेन्सची पितळी फ्लँज त्यावर साध्या स्क्रूंनी बसे. नवी लेन्स आली की सुतार पाटी कापून देत असे. विसाव्या शतकात केरळमधल्या अलप्पुळा इथे के. करुणाकरन यांनी वागीश्वरी नावाचे लाकडी फील्ड कॅमेरे बनवले आणि ते देशभरातल्या स्टुडिओंत गेले.

महाराष्ट्राचा स्वतःचा दाखला तर याहून मोठा आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा घडवला. आनंदराव पेंटर यांच्याबरोबर सुरू झालेलं हे काम आनंदरावांच्या मृत्यूनंतर विष्णुपंत दामल्यांच्या साथीने पुरं झालं आणि त्याच कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ १९२० मध्ये आला. फिल्म नेमक्या गतीने पुढे ओढणारी यंत्रणा ज्यांनी घडवली, त्यांच्या मुलखात भोक पाडलेली एक चौकोनी पाटी मागवण्यासाठी कस्टम भरावा लागावा, हे पटण्यासारखं नाही.

बोर्ड इथे करण्याचं आणखी एक कारण छापखान्यांत आहे. चित्रांचे ब्लॉक आणि पुढे ऑफसेटच्या निगेटिव्ह करण्यासाठी छापखान्यांत प्रोसेस कॅमेरे असत, टेबलाएवढे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच जगातले होते. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले, पुरातत्त्व खात्यात काम केलं आणि रंगीत छपाईचं तंत्र समजून घ्यायला १९०९ मध्ये जर्मनीला गेले. संगणकावरून थेट प्लेट निघू लागल्यावर प्रोसेस कॅमेरे भंगारात गेले. त्यांच्या लेन्स मात्र उत्तम होत्या, अगदी कडेपर्यंत रेखीव, कारण सपाट कागदावरची बारीक अक्षरं जशीच्या तशी उतरवण्यासाठीच त्या बनल्या होत्या. अपो-रोनार, अपो-निक्कोर ही नावं जुन्या मालाच्या बाजारात अजून भेटतात आणि शटर असलेल्या लेन्सपेक्षा त्या स्वस्त पडतात.

त्यांना शटर नसतं, हा दोष मानला जातो. कुड्यासारख्या लेण्यात तो दोष उरत नाही. छिद्र f/३२ वर आणलं की अंधाऱ्या जागी उघडझाप काही सेकंदांची, कधी काही मिनिटांची होते आणि लेन्सचं टोपण हाताने काढून पुन्हा लावलं तरी काम भागतं. खरी अडचण पुढे आहे. अशा लेन्सची फ्लँज कॅमेऱ्यावरच राहून गेलेली असते आणि तिचे आटे कुठल्याच कोपाल मापाचे नसतात. तयार बोर्ड विकणाऱ्याकडे यावर उत्तर नाही. उत्तर आहे ते लेथवाल्याकडे: लेन्सच्या नळीवरचे आटे मोजायचे, त्याच पिचची रिंग कापायची आणि ती बोर्डाला स्क्रूने जोडायची. धाटाव, रोहा, नागोठणे, महाड या पट्ट्यातल्या टर्नरला हे रोजच्या कामापेक्षा वेगळं वाटणार नाही. फक्त त्याच्यापुढे लेन्स आणि नीट काढलेलं ड्रॉइंग घेऊन जायला हवं, तोंडी वर्णन नव्हे.

सामानाबद्दल मत ठाम असावं. पाटीसाठी दोन मिलिमीटरचा सपाट अॅल्युमिनियम पत्रा सगळ्यात बरा. वाकलेला तुकडा ठोकून सरळ केलेला नको. तो सपाट दिसतो, असत नाही. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हवाच ओली असते, साधा प्लायवुड अशा हवेत फुगतो आणि बोर्ड चौकटीत अडकतो. लाकूडच हवं असेल तर चांगला सुकवलेला सागवान घ्यावा आणि चारही कडांना पॉलिश मारावं, कारण ओल कडांतून शिरते. थ्रीडी प्रिंटरवर बोर्ड काढण्याची आता सोय आहे आणि आकार तपासून पाहायला ती चांगलीच आहे. पण नेहमीच्या पीएलए प्लॅस्टिकचा बोर्ड ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते. वर पातळ प्लॅस्टिकमधून प्रकाश झिरपतो. हलक्या लेन्ससाठी काही दिवस चालवावा, वर्षभरासाठी नाही.

कोणताही बोर्ड हाती आला की चाचणी एकच. अंधाऱ्या खोलीत लेन्ससह बोर्ड कॅमेऱ्यावर लावायचा, शटर बंद, पुढून टॉर्च कडेकडेने फिरवायचा आणि मागची काच काढून आत डोळा लावायचा. पाच मिनिटं थांबावं, डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतो. प्रकाशाची रेघ दिसली तर ती बहुधा बोर्डाच्या कडेने येते. टेक्निका बोर्डाच्या पाठीवर जी उंचवट्याची कडा असते ती हा प्रकाश अडवण्यासाठीच असते. इथे केलेल्या साध्या पाटीला ती नसते, म्हणून मागून काळ्या फोमची किंवा मखमलीची पट्टी चिकटवावी.

आता जुन्या स्टुडिओंबद्दल, कारण या साऱ्यात सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं आहे. कोकणातल्या तालुक्याच्या गावांत हाफ प्लेट, फुल प्लेटचे कॅमेरे माळ्यावर पडून आहेत. ते विकायला निघतात तेव्हा पितळी लेन्स चकाकते म्हणून वेगळी विकली जाते, लाकडी कॅमेरा हॉटेलच्या किंवा चित्रीकरणाच्या सजावटीला जातो, आणि दोघांना जोडणारी पाटी फेकली जाते. त्या पाटीवर स्क्रूच्या चार जुन्या खुणा असतात, आधीच्या लेन्सचं बुजवलेलं भोक असतं. त्या स्टुडिओने कोणत्या काळात कोणती लेन्स वापरली हे त्यावरून कळू शकतं. घरच्यांनी विकायचं ठरवलंच तर कॅमेरा, बोर्ड आणि लेन्स एकत्र विकावं. किंमतही एकत्रच जास्त येते, कारण विकत घेणाऱ्याला चालता कॅमेरा मिळतो. संग्रहालयांनीही कॅमेऱ्याची नोंद करताना बोर्डाचं माप, जाडी आणि भोकाचा व्यास लिहून ठेवावा. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढे कुणाला तो कॅमेरा पुन्हा चालू करायचा असेल तर सगळं त्यावरच अवलंबून राहणार आहे.

मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेसारख्या ठिकाणी फोटोग्राफी शिकवली जाते आणि आयटीआयमध्ये टर्नर, फिटर घडवले जातात. या दोघांची गाठ घालून देणं अवघड नाही. फोटोग्राफीच्या विद्यार्थ्यांनी टेक्निका बोर्डाचं पूर्ण ड्रॉइंग काढावं: बाहेरची मापं, खटक्याची कड, पाठीवरची प्रकाश अडवणारी कडा, तिन्ही कोपाल भोकं, खुंटीची खाच. आयटीआयच्या मुलांनी तो लेथ आणि मिलिंगवर करावा. पहिल्या खेपेला शून्य नंबरचे काही, एक नंबरचे काही, एखादा खोलगट करावा, आणि थोडे कोरे ठेवावेत, भोक न पाडलेले, म्हणजे एखाद्या माळ्यावरून निघालेली पितळी लेन्स घेऊन कुणी आलं तर तिच्या मापाचं भोक तिथेच पाडून देता येईल.